चिलगोझा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिलगोझा म्हणजे नेमकं काय? फळ, शेंग की बी?

बी. हिमालयात वाढणाऱ्या पाइनच्या एका जातीचं हे बी, आणि झाडालाही चिलगोझाच म्हणतात. शास्त्रीय नाव पायनस जेरार्डियाना. यातला जेरार्ड म्हणजे कॅप्टन पॅट्रिक जेरार्ड हा ब्रिटिश अधिकारी. हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर जिल्ह्यात याला न्योझा म्हणतात, तर किन्नौरी बोलीत ‘री’. बाजारात मिळतो तो दाणा पाऊण इंचाच्या आसपास लांब, पेन्सिलीच्या तासलेल्या टोकासारखा निमुळता आणि गडद तपकिरी असतो. टरफल पातळ, आत हस्तिदंती रंगाचा लांबट गर.

जंगलात चिलगोझा ओळखायचा कसा? सगळे पाइन सारखेच दिसतात.

लांबून दिसतात, जवळ गेल्यावर नाही. आधी साल बघा. चिलगोझ्याच्या खोडावरून पातळ, वेडेवाकडे पापुद्रे गळत राहतात आणि खाली फिकट हिरवट, राखाडी, कुठे रुपेरी असे चट्टे उघडे पडतात. जुन्या भिंतीचा रंग थर सुटून निघावा तसं हे खोड दिसतं. त्या भागातल्या दुसऱ्या कोणत्याही पाइनची साल अशी नसते. जगात याचा जवळचा नातेवाईक चीनमध्ये आहे, पायनस बंजियाना, आणि त्याचीही साल अशीच गळते.

मग सुया मोजा. चिलगोझ्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात, ताठ आणि ६ ते १० सेंटिमीटर लांब असतात. चीड आणि कैल हे हिमालयातले दुसरे पाइन. चीडच्याही सुया तीनच, पण त्या वीस-तीस सेंटिमीटर लांब आणि लोंबत्या. शिवाय चीडच्या जुडग्याच्या बुडाशी असलेलं कागदी आवरण टिकून राहतं, चिलगोझ्याचं गळून जातं. कैलच्या जुडग्यात पाच सुया. देवदार तर पाइनच नाही, त्याच्या आखूड सुया पुंजक्याने येतात आणि शंकू फांदीवर पिंपासारखे उभे बसतात.

चिलगोझ्याचा शंकू भरदार असतो. लांबी १० ते १८ सेंटिमीटर, खवले जाड, टोकं बाहेर वळलेली आणि सगळीकडून राळ पाझरलेली. हात लावला की चिकटलाच. राळ साबणाने निघत नाही. आधी थोडं खाद्यतेल चोळा, मग साबण लावा.

हे झाड कुठे वाढतं?

पूर्व अफगाणिस्तान, पाकिस्तानचा उत्तर आणि पश्चिम डोंगराळ भाग आणि भारताचा वायव्य हिमालय, एवढंच त्याचं जग. साधारण १,८०० ते ३,३५० मीटर उंचीचा पट्टा. भारतात मुख्य भर किन्नौरवर : कल्पा, पूर्बनी, रिब्बा, रारंग, जंगी, मूरंग, पूह या बाजूचे सतलजचे उतार. त्याशिवाय चंबा जिल्ह्यात पांगी आणि भरमौर, जम्मूमध्ये किश्तवाडचा पाडर भाग. पाकिस्तानात बलुचिस्तानातल्या सुलेमान पर्वतरांगेतलं चिलगोझ्याचं सलग जंगल फार मोठं आहे. अफगाणिस्तानात खोस्त, पक्तिया, कुनार, नूरिस्तान या प्रांतांत तो आढळतो.

नकाशा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. मॉन्सूनचा जोर जिथे डोंगराआड अडतो, तिथूनच चिलगोझा सुरू होतो. त्याला पाणी मिळतं ते मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाचं. उन्हाळा कोरडा, माती उथळ, जागोजागी नुसता खडक. जिथे दुसरं झाड तग धरत नाही अशा कपारीत हा सोटमूळ खोल घालून उभा राहतो आणि सुटी, घसरती माती धरून ठेवतो. किन्नौरच्या उतारांवर त्याचं हे काम बियांइतकंच मोलाचं आहे.

महाराष्ट्रात लावता येईल का? महाबळेश्वरला तरी?

नाही. कळसूबाई हे आपलं सर्वात उंच शिखर १,६४६ मीटरचं, म्हणजे चिलगोझ्याच्या पट्ट्याच्या खालच्या कडेलाही ते पोचत नाही. पण उंचीपेक्षा पाऊस जास्त आडवा येतो. महाबळेश्वरला चार महिन्यांत जेवढं पाणी पडतं त्यात या झाडाची मुळं कुजतील. शिवाय त्याला दीर्घ, गोठवणारा हिवाळा लागतो. पुण्यात कुंडीत बी रुजू शकतं, दोन-तीन इंचाचं रोपही दिसेल, पण एप्रिल-मेची उष्णता आणि नंतरची दमट हवा ते सोसत नाही. खाण्याजोग्या बियांचं झाड हवं असेल तर आपल्याकडे काजू, चारोळी आणि फणस आहेतच.

शंकू किती दिवसांत पिकतो?

इथे थोडं थांबून वाचा, कारण पुढचे बरेच प्रश्न या एका उत्तरावर अवलंबून आहेत.

मे-जूनमध्ये फांदीच्या टोकाला मादी शंकू येतात. परागण वाऱ्याने होतं. पण त्या वर्षी शंकू जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा होतो आणि तसाच बर्फाखाली हिवाळा काढतो. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तो झपाट्याने वाढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतो. म्हणजे परागणापासून काढणीपर्यंत सव्वा वर्षाहून अधिक काळ लागतो.

याचा अर्थ असा की काढणीच्या दिवशी झाडावर एकाच वेळी दोन पिकं असतात. यंदाचे मोठे शंकू, आणि त्याच फांदीच्या टोकाला पुढच्या वर्षीचे छोटे. मोठा शंकू गेल्या वर्षीच्या वाढीवर बसलेला असतो, छोटा त्याच्या पुढे यंदाच्या कोवळ्या वाढीवर. मोठ्या शंकूसकट फांदी तोडली की छोटाही गेला.

दरवर्षी सारखं पीक येत नाही हेही लक्षात घ्या. एखादं वर्ष झाड लदलेलं, त्यानंतरची दोन-तीन वर्षं बेताची, असा त्याचा स्वभाव आहे.

काढणी कशी करतात आणि त्यात काय चुकतं?

शंकू झाडावर उघडायच्या आधी, हिरवे असतानाच उतरवावे लागतात. उघडेपर्यंत वाट पाहिली तर बिया खाली सांडतात, आणि पक्षी, उंदीर काही उरू देत नाहीत. म्हणून सप्टेंबरच्या सुमारास माणसं झाडावर चढतात. काही शंकू हाताने पिळून तोडले जातात, लांबचे काठीला आकडी लावून ओढले जातात. आपल्याकडे आंबे उतरवायची आकडी असते त्याच जातीचं हत्यार.

चूक होते ती कुऱ्हाड आणि कोयता हातात आल्यावर. हिरवा शंकू देठाशी चिवट असतो, सहज सुटत नाही. वजनावर किंवा दिवसाच्या ठेक्यावर काम असेल तर फांदीच छाटून खाली टाकणं सोपं पडतं. एका घावात चार-पाच शंकू हाती येतात. त्या घावात पुढच्या वर्षीचे छोटे शंकू तर जातातच, पण नवा फुटवा येऊन तिथे पुन्हा शंकू धरायला आणखी काही वर्षं जातात. अशी दोन-तीन वर्षं छाटलेली झाडं लांबूनही ओळखू येतात. खाली बोडकं खोड, वर शेंड्याला तेवढा झुपका.

चांगली काढणी अशी : लांब दांड्याला अरुंद, धारदार आकडी किंवा कातर लावायची, घाव शंकूच्या देठावर घालायचा, फांदीवर नाही. बोटाहून जाड काहीही तोडायचं नाही. चढणाऱ्याला दोर आणि पट्टा हवा, कारण झाड १० ते २० मीटर उंच आणि बहुधा कड्याच्या काठावर. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट हवं, हिरवा शंकू जड असतो. आणि काही शंकू झाडावर राहू द्यायचे. किती, हे गावाने आधी ठरवावं आणि काढणीच्या आधी ती झाडं खुणेने राखून ठेवावीत. काढणी सुरू झाल्यावर ठरवायला गेलं तर एकही शंकू उरत नाही.

बंद शंकूतून बी काढतात कसं?

हिरवे शंकू ढिगाने रचतात आणि उन्हात वाळू देतात. दोन-तीन आठवड्यांत खवले उघडतात. उन्हाची तिरीप कमी असेल तर जास्त वेळ लागतो. प्रत्येक खवल्याच्या बुडाशी दोन बिया असतात. उघडलेला शंकू आपटला, काठीने ठोकला की बहुतेक बिया गळतात, अडकलेल्या टोकदार काडीने काढाव्या लागतात. मग पाखडून कचरा आणि फोल बाजूला करायचे आणि बिया सावलीत पसरून सुकवायच्या.

दोन ठिकाणी माल बिघडतो. ढीग ओला असताना ताडपत्रीने गच्च झाकला तर आत वाफ धरते, बुरशी येते आणि टरफलावर काळे डाग पडतात. दुसरं म्हणजे घाईने शेकोटीजवळ शंकू उघडणं. राळ पेट घेते, धूर बियांत शिरतो आणि त्यांना जो वास लागतो तो पुढे भाजूनही जात नाही.

काही शंकूंमधून बीच निघत नाही, असं का?

डायोरिक्ट्रिया नावाच्या पतंगाची अळी हे एक मोठं कारण. ती कोवळा शंकू पोखरते. बाहेर राळेचे थेंब आणि त्यात अडकलेला भुशासारखा विष्ठेचा चुरा दिसला की आत अळी आहे असं समजावं. असे शंकू झाडाखाली टाकून देऊ नयेत. वेगळे करून जाळावेत, नाहीतर पुढच्या पिढीचे पतंग तिथूनच निघतात. दुसरं कारण परागणाचं : मे-जूनमध्ये नेमका सततचा पाऊस झाला की परागकण उडत नाहीत आणि बिया फोल राहतात.

जंगल कोणाचं? कोणीही जाऊन गोळा करू शकतं का?

किन्नौरमध्ये जमीन वनखात्याची, पण चिलगोझा गोळा करायचा हक्क त्या त्या गावच्या लोकांचा. किन्नौर पूर्वी बुशहर संस्थानात होतं आणि हा हक्क जुना आहे. बाहेरच्याने शंकू तोडणं म्हणजे चोरीच. कुठे घरटी झाडं किंवा पट्टे वाटून घेतात, कुठे सगळे मिळून काढणी करून वाटणी करतात, कुठे गाव आपला हिस्सा लिलावाने ठेकेदाराला देतं.

यातली शेवटची पद्धत झाडाला सर्वात महाग पडते. ठेकेदाराचा संबंध एका हंगामापुरता, पुढच्या वर्षीच्या छोट्या शंकूंशी त्याला देणंघेणं नसतं. जो माणूस पुढच्या वर्षी त्याच झाडावर चढणार आहे त्याचा हात आपोआप जपून चालतो. गावाने स्वतः काढणी करणं, निदान करारात ‘फांदी तोडल्यास दंड’ हे कलम घालून काढणीच्या दिवसांत आपला माणूस जंगलात उभा करणं, हा आमच्या मते सर्वात स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

चिलगोझा इतका महाग का?

मुंबई-पुण्यात किलोला काही हजार रुपये मोजावे लागतात आणि ऐकणाऱ्याला धक्का बसतो. पण हिशेब बघा. याची बागायत नाही, सगळा माल जंगलातून येतो. झाड शंकू धरायलाच पंधरा-वीस वर्षं घेतं. पीक दर वर्षी हमखास नाही. माणूस जीव धोक्यात घालून चढतो आणि किलोभर होण्यासाठी अडीच हजारांच्या आसपास बिया लागतात.

त्यात मागणी वाढली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये काबूलहून शांघायला चिलगोझ्याची थेट विमानवाहतूक सुरू झाली आणि अफगाण माल मोठ्या प्रमाणात चीनकडे वळला. भारतातला बराचसा चिलगोझा अफगाणिस्तानातून येत असल्याने इथल्या भावावरही त्याचा परिणाम होतो.

जंगलात नवी झाडं का दिसत नाहीत?

कारण बी जमिनीवर पडतच नाही. पडलं तर उंदीर आणि नटक्रॅकर पक्षी खातात. टरफल पातळ असल्याने त्यांना कष्टही पडत नाहीत. नटक्रॅकर काही बिया पुरून ठेवतो आणि विसरलेल्यांतून रोपं येतात, म्हणून त्याला शत्रू मानू नये. बीला पंख नावालाच असतो, वाऱ्याबरोबर ते लांब जात नाही. इतकं करून उगवलं तर शेळ्या-मेंढ्या कोवळं रोप खुडतात.

याशिवाय सतलज खोऱ्यातले जलविद्युत प्रकल्प, रस्ते आणि वीजवाहिन्या यांसाठी चिलगोझ्याची झाडं तोडली गेली आहेत. त्याविरुद्ध २०२१ मध्ये किन्नौरच्या तरुणांनी ‘नो मीन्स नो’ मोहीम चालवली. आग हे आणखी एक संकट. २०२२ च्या मे महिन्यात सुलेमान रांगेतल्या शेरानी भागात लागलेल्या आगीत चिलगोझ्याचं जंगल मोठ्या प्रमाणावर जळालं आणि माणसंही दगावली. राळेमुळे हे झाड एकदा पेटलं की विझवणं अवघड. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ही जात संकटसमीप गटात आहे.

बियांपासून रोप कसं तयार करायचं?

हे उत्तर हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडातल्या उंचीवर राहणाऱ्यांसाठी.

बी त्याच हंगामाचं आणि कच्चं हवं. भाजलेलं कधीच उगवत नाही, आणि दुकानातलं बहुधा भाजलेलं असतं. बिया २४ तास पाण्यात भिजत घाला. दुसऱ्या दिवशी तरंगत राहिलेल्या फोल समजून काढून टाका. बुडालेल्या बिया तिप्पट ओलसर वाळूत मिसळून, भोकं पाडलेल्या पिशवीत, ३ ते ५ अंश सेल्सियसला चार ते सहा आठवडे ठेवा. फ्रिजचा खालचा कप्पा चालतो. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. दर आठवड्याला उघडून बघा, बुरशी दिसली तर बिया धुऊन वाळू बदला.

पिशवी किंवा नळी निदान २५ ते ३० सेंटिमीटर खोल घ्या. रोप वर दोन इंच दिसतं तेव्हा खाली सोटमूळ वीतभर गेलेलं असतं, आणि उथळ पिशवीत ते तळाशी गुंडाळतं. असं रोप पुढे लावलं की दोन वर्षं बरं दिसतं आणि मग वाळतं. माती दोन भाग, जाड वाळू एक भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग. त्यात जुन्या चिलगोझ्याच्या बुडाची मूठभर माती जरूर मिसळा. पाइनच्या मुळांना सोबत लागणारी बुरशी त्यातून येते. ती नसेल तर सुया पिवळ्या पडून रोप खुंटतं आणि खत घालूनही सुधारत नाही.

बी आडवं ठेवून एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरा. वर वाळूचा पातळ थर द्या आणि लगेच बारीक लोखंडी जाळी बसवा. जाळीचं काम उद्यावर टाकू नका, उंदीर एका रात्रीत वाफा साफ करतात. पंधरा-वीस अंश तापमानात दोन ते पाच आठवड्यांत कोंब वर येतो, डोक्यावर टरफल घेऊन. ते ओढून काढू नका, बीजपत्रं तुटतात. सकाळी पाण्याचा हलका फवारा मारला की आपोआप सुटतं.

सर्वात जास्त रोपं मरतात पहिल्या दोन महिन्यांत, मातीलगत मान कुजून. मान तपकिरी, मऊ पडते आणि रोप आडवं होतं. कारण जवळजवळ नेहमी एकच : पाणी जास्त, वारा कमी. पाणी सकाळीच द्या, वरची वाळू कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नका, रोपं दाटीने ठेवू नका.

पहिल्या वर्षी रोप बोटभर वाढलं तरी समाधान माना. तीन-चार वर्षं रोपवाटिकेत ठेवून मगच बाहेर न्यायचं. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. पिशवी कापून काढायची आणि मातीचा गड्डा न फोडता लावायचा. कुंपण लावल्याच्या दिवशीच, आणि निदान पाच-सहा वर्षांसाठी.

मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे हलवता येतं का?

नाही. सोटमूळ तुटलं की झाड संपलं. ‘तोडलेल्या झाडांचं पुनर्रोपण करू’ या आश्वासनाला चिलगोझ्याच्या बाबतीत काही अर्थ नाही.

विकत घेताना काय बघावं?

नवा माल ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे येतो, म्हणजे दिवाळी ते संक्रांत हा घ्यायचा काळ. ऑगस्टमध्ये ‘ताजा’ म्हणून मिळतो तो गेल्या वर्षीचा, त्यावर एक अख्खा पावसाळा गेलेला.

दुकानदाराच्या हातून नको, पोत्याच्या मधल्या थरातून वीस दाणे घ्या आणि तिथेच फोडा. वीसमध्ये एखादा फोल चालेल, तीन-चार निघाले तर पुढे जा. गर भरलेला आणि हस्तिदंती पांढरा हवा. पिवळसर, अर्धपारदर्शक, तेलकट दिसला तर जुना. चावल्यावर आधी दुधाळ गोडवा आणि मागून राळेची हलकी झुळूक आली पाहिजे. घशाशी खवखव झाली तर खवट.

टरफल जास्त चकाकत असेल तर दाणे पांढऱ्या कागदी रुमालावर चोळा. तेलाचा डाग उमटला तर जुन्या मालाला तेलाचा हात फिरवला आहे. वजन वाढवण्यासाठी पाणी मारलेला दाणा नखाने दाबला की मोडण्याऐवजी लवतो. आणि भाजलेला आहे की कच्चा, हे विचारून घ्या, कारण घरी पुन्हा भाजलात तर करपेल.

सोललेले ‘पाइन नट’ म्हणजे चिलगोझेच का?

बहुतेक वेळा नाही. पाकिटात मिळणारे आखूड, फुगीर, अश्रूच्या थेंबासारखे दाणे कोरियन पाइनचे किंवा चीनमधल्या इतर जातींचे असतात. युरोपात भूमध्य समुद्राकाठच्या पाइनचे वापरतात. चिलगोझ्याचा गर लांब, सडपातळ, तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखा. पदार्थात एकमेकांच्या जागी चालतात, पण चिलगोझ्याच्या भावाने दुसरं घेऊ नका.

घरी भाजायचे कसे?

जाड बुडाच्या कढईत अर्धा किलो जाडं मीठ मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. आच मंद करा, त्यात पाव किलो कच्चे चिलगोझे घाला आणि झाऱ्याने सतत खालवर करा. पाच मिनिटांनी एक दाणा काढा, गार होऊ द्या, दाबा. ‘टक्’ असा आवाज होऊन टरफल तडकलं की झालं. नाहीतर आणखी मिनिटभर. लगेच चाळणीने मीठ चाळून परातीत पसरा. झाकण ठेवू नका, वाफेने टरफल पुन्हा चिवट होतं.

गर पिवळा दिसेपर्यंत भाजायचं नाही. कढईतून काढल्यावरही टरफलाच्या आतल्या उष्णतेने तो भाजत राहतो, म्हणून किंचित कमीवर थांबायचं. तेच मीठ पुन्हा भाजायला वापरता येतं.

सोलताना गर तुटतो.

मधोमध दाबता म्हणून तुटतो. दाणा चिमटीत आडवा धरून जाड टोकाच्या बाजूला नखाने किंवा दातांनी हलकेच दाबा, चीर पडली की टरफल लांबीत सोला. भरपूर सोलायचे असतील तर ओट्यावर जाड पंचाच्या घडीत पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवा. अडकित्ता वापरू नका, गर कापला जातो. गरावरची पातळ तपकिरी सालही खाता येते.

साठवायचे कसे?

टरफलासकटच. गराच्या वजनाचा साधारण निम्मा भाग तेल असतं आणि हवा लागली की ते खवट होतं. हवाबंद काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये सहा महिने चांगले राहतात. सोललेला गर फ्रिजमध्ये महिनाभर, त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीझरमध्ये. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. अर्धा तास थांबा, नाहीतर गार दाण्यांवर बाष्प जमतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते. बुरशी दिसलेले, कुबट वासाचे दाणे धुऊन-भाजून वाचवण्याच्या फंदात पडू नका, टाकून द्या.

खाण्यात फायदा काय? रोज किती खावेत?

शंभर ग्रॅम गरात सहाशेहून जास्त कॅलरी, निम्म्याच्या आसपास तेल आणि १४ टक्क्यांच्या जवळपास प्रथिनं. तेल मुख्यतः असंतृप्त. किन्नौरमध्ये तो हिवाळ्याचा खुराक आहे, थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून. आपल्या हवेत सोललेला गर १५ ते २० ग्रॅम पुरे. जास्त खाल्ला तर जड पडतो. कुठल्या रोगावरचं औषध म्हणून कोणी विकत असेल तर त्या दाव्यासाठी जादा पैसे मोजू नका.

पाइन नट खाल्ल्यावर दोन दिवसांनी सगळंच कडू लागायला लागलं. घाबरण्यासारखं आहे का?

नाही. खाल्ल्यानंतर बारा तास ते दोन दिवसांनी तोंडात कडवट, धातूसारखी चव येते आणि काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही राहते. याचा संबंध मुख्यतः पायनस आर्मंडाय या चिनी जातीच्या बियांशी जोडला गेला आहे. आपोआप जातं. उरलेलं पाकीट मात्र खाऊ नका.

अ‍ॅलर्जी वेगळी. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं काही झालं तर थेट दवाखाना गाठा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नका, निमुळता असल्याने तो श्वासनलिकेत अडकू शकतो. कूट करून द्या.

उपवासाला चालतात का?

सुकामेवा चालणाऱ्या घरांत चालतात. दुकानातले भाजलेले घेतले असतील तर साधं मीठ वापरलेलं असू शकतं, सैंधवच चालत असेल तर कच्चे घेऊन घरी भाजा.

कोणत्या पदार्थात घालावेत?

जिथे चारोळी घालता तिथे : शिरा, बासुंदी, ओल्या नारळाचं सारण. तुपात परतायचे असतील तर सगळ्यात शेवटी, अर्धं मिनिट. काजूच्या आधी हे करपतात. लाडवासाठी भरड कुटा, मिक्सरमध्ये बारीक फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो.

किन्नौरला गेलो तर काय बघावं, काय आणावं?

सिमल्याहून राष्ट्रीय महामार्ग ५ ने रेकाँग पिओ साधारण सव्वादोनशे किलोमीटर. पिओहून वर कल्प्याला जाणाऱ्या रस्त्यालगतच देवदार आणि चिलगोझ्याची झाडं आहेत, गाडी थांबवून साल हाताने चाचपून बघता येते. सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर काढणी दिसू शकते. झाडाखाली उभं राहू नका आणि शंकू उचलू नका, तो कुणाच्या तरी वाट्याचा असतो.

तिथे लग्नात आणि पाहुण्यांच्या स्वागताला चिलगोझ्यांच्या माळा घालतात. एकेक दाणा सुईने ओवलेला असतो. अशी माळ विकत मिळाली तर जरूर घ्या, पण भोक पडलेला दाणा लवकर खवट होतो, म्हणून खायची असेल तर महिन्याभरात संपवा. सुटे घेतले तर कच्चे घ्या, प्रवासात प्लास्टिकऐवजी कापडी पिशवीत ठेवा. घरी पोचल्यावर एक दिवस सावलीत पसरा आणि मग बरणीत भरा.